सेवाभावी व्यक्तींचा सन्मान

लोकांसाठी झटणाऱ्या, दुसऱ्याचे हाल बघून गप्प न बसणाऱ्या माणसांना समाजाने, संस्थेने किंवा सरकारने जाहीरपणे मान देणं म्हणजे सेवाभावी व्यक्तींचा सन्मान. यात मेडल, मानपत्र, रोख रक्कम, नागरी किताब, रस्त्याला नाव देणं इथपासून ते नुसतं सभेत उभं करून टाळ्या वाजवणं इथपर्यंत सगळंच आलं. खेळ किंवा विज्ञान यातल्या अवॉर्डपेक्षा हे प्रकरण जरा वेगळं आहे, कारण तिथे मोजायला काहीतरी असतं, धावण्याची वेळ असते, शोध असतो. करुणा कशी मोजणार? शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं वर्षानुवर्षं सगळं करणारी बाई आणि एकदाच पुरात उडी मारून तिघांना बाहेर काढणारा मुलगा, यात मोठं कोण हे ठरवायला पट्टीच नाही. त्यामुळे मान देणं हा यातला सोपा भाग आहे, खरी कटकट असते ती साक्ष कोणाची धरायची याची. ही पद्धत जुन्या काळापासून बघत आलं तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

प्राचीन ग्रीसमधल्या शहरांत उपकारकर्त्यांचा सन्मान करायची पक्की सिस्टिम होती. कोणी दुष्काळात धान्य आणून दिलं, कैद्यांना सोडवायला पैसे भरले, की सभेत ठराव व्हायचा आणि तो दगडावर कोरून चौकात किंवा देवळात उभा केला जायचा. अशा बऱ्याच ठरावांत शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, की हे शहर उपकाराची परतफेड करतं हे बाकीच्यांनाही दिसावं आणि त्यांनीही असंच करावं. म्हणजे सन्मानाचा अर्धा रोख ज्याला मान मिळतोय त्याच्याकडे आणि अर्धा बघणाऱ्यांकडे, हे त्यांनी उघड लिहून ठेवलं होतं, आजच्यासारखं लपवाछपवी नाही. आणि वादही तेव्हापासूनचेच. अथेन्समध्ये डेमॉस्थेनिस या पुढारी वक्त्याला सोन्याचा मुकुट द्यायचा प्रस्ताव आला तर त्याचा विरोधक एस्किनीस याने हा माणूस त्या लायकीचा नाही, शिवाय ही पद्धतच बेकायदेशीर आहे म्हणून प्रस्ताव मांडणाऱ्यालाच सरळ कोर्टात खेचलं. इसवी सनपूर्व ३३० मध्ये निकाल लागला, एस्किनीसला एक पंचमांश मतंसुद्धा पडली नाहीत आणि त्याला शहर सोडून जावं लागलं.

रोमनांचा नागरी मुकुट मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. ओकच्या पानांचा साधा मुकुट, सोनंबिनं काही नाही, पण युद्धात एखाद्या रोमन नागरिकाचा जीव वाचवला तरच मिळणार. नियम असा की ज्याचा जीव वाचला त्यानेच कबूल करायला हवं, याने मला वाचवलं म्हणून, बाकी कोणी कितीही सांगितलं तरी चालणार नाही. आणि ही कबुली सहजासहजी कोणी देत नसणार, कारण दिली की त्या माणसाला जन्मभर वडिलांसारखं मानावं लागायचं! मुकुट मिळालेला माणूस खेळ बघायला आला की सिनेटमधले लोकही उठून उभे राहायचे. थोडक्यात इथे कमिटी नाही, अर्ज नाही, मदत ज्याला मिळाली त्याचा शब्द शेवटचा.

आधुनिक काळातली सुरुवात साधारण अठराव्या शतकाच्या शेवटाला दिसते. १७७४ मध्ये लंडनला रॉयल ह्यूमेन सोसायटी निघाली, बुडालेल्या माणसाला पुन्हा श्वास सुरू करून वाचवता येतं हे लोकांना पटवायला. वाचवायचा प्रयत्न करणाऱ्याला त्यांनी रोख बक्षीस ठेवलं आणि मग व्हायचं तेच झालं, दोघांनी संगनमत करायचं, एकाने बुडायचं नाटक करायचं, दुसऱ्याने वाचवायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. हळूहळू रोख रकमेची जागा मेडल आणि सर्टिफिकेटने घेतली. फ्रान्समध्ये १७८२ मध्ये बॅरन द मॉन्तियों याने सद्गुणासाठी पुरस्कार सुरू केला, तो फ्रेंच अकादमी द्यायची आणि तो मुद्दाम गरीब माणसाच्या चांगल्या कामासाठी होता. श्रीमंताने दान केलं की त्याचं नाव आपोआपच होतं, गरिबाने स्वतःच्या तोंडचा घास दिला तर कोणाला कळत नाही, हा विचार त्या काळात सुचणं म्हणजे कौतुकच.

अमेरिकेत २५ जानेवारी १९०४ ला पिट्सबर्गजवळ हारविक इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यात बाहेरून मदतीला आत उतरलेले दोघेही होते. हे बघून पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने त्याच वर्षी ५० लाख डॉलर देऊन कार्नेगी हिरो फंड काढला. नुसतं मेडल नाही, वाचवताना जो गेला त्याच्या घरच्यांच्या पोटापाण्याची सोयही त्यात होती, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी कल्पना हीच. त्यांचा एक नियम मात्र कायम चर्चेत असतो. ज्याचं कामच लोकांना वाचवायचं आहे, म्हणजे अग्निशमन दलाचा जवान वगैरे, तो ड्युटीच्या पलीकडे काही केल्याशिवाय पात्र नाही. पण मग रोजची नोकरी मायेने करणाऱ्या नर्सचं काय? नर्सेससाठी रेडक्रॉसने १९१२ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल मेडल ठरवलं, पहिल्यांदा दिलं १९२० मध्ये, आणि ते दर दोन वर्षांनी देतात.

विसाव्या शतकात मग असे सन्मान भराभर वाढले. ब्रिटनमध्ये १९१७ मध्ये ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर आला आणि त्यातून धर्मादाय काम करणाऱ्या सामान्य लोकांनाही किताब मिळायला लागले. भारतात पद्म पुरस्कार १९५४ पासून आहेत, समाजसेवा हा त्यातला एक विभाग. निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना दिला जाणारा नानसेन पुरस्कारही १९५४ चाच, पहिला एलिनोर रुझवेल्ट यांना. फिलिपिन्सच्या मॅगसेसे पुरस्काराच्या पहिल्याच यादीत, १९५८ मध्ये, विनोबा भावे होते. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल ज्या दोघांत वाटलं गेलं त्यातले एक रेडक्रॉसचे आंरी द्युनां, आणि त्यांची गोष्ट वाचली की वाईटच वाटतं, कारण दिवाळं निघाल्यावर लोक त्यांना इतकं विसरले होते की ते स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या गावात गरिबीत राहतायत हे १८९५ मध्ये एका पत्रकाराने लिहिलं तेव्हा कुठे जगाला आठवण झाली.

साक्षीच्या बाबतीत सगळ्यात कडक सिस्टिम इस्रायलमधल्या याद वाशेमची, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारक संस्थेची. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना लपवणाऱ्या, वाचवणाऱ्या परधर्मीय माणसांना राष्ट्रांमधले सत्शील असा मान तिथे देतात, त्याचा कायदा १९५३ चा आणि निवड करणारं कमिशन १९६३ पासून. त्याचे अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे आजी किंवा निवृत्त न्यायाधीश असतात, म्हणजे प्रत्येक नाव जवळजवळ खटल्यासारखं तपासलं जातं. स्वतःचा जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात घातलं होतं का, त्या बदल्यात पैसे किंवा आणखी काही मागितलं होतं का, आणि वाचलेल्या माणसाची साक्ष किंवा कागदपत्रं आहेत का. आजवर २८ हजारांहून जास्त लोकांना हा मान मिळालाय. वॉर्सा घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, मुलांना बाहेर काढणाऱ्या इरेना सेंडलर यांना तो १९६५ मध्ये मिळाला. म्हणजे रोमन मुकुटाचा नियम दोन हजार वर्षांनी परत आला म्हणा ना.

बाकी बहुतेक ठिकाणी मात्र आता सगळं नॉमिनेशनवर चालतं. कोणीतरी फॉर्म भरायचा, कामाचं वर्णन लिहायचं, पत्रं जोडायची, मग कमिटी बसते. ब्रिटनमध्ये निदान दोन पाठिंब्याची पत्रं लागतात, प्रक्रियेला सहसा १२ ते १८ महिने जातात आणि ज्याचं नाव दिलं त्याला कळू द्यायचं नसतं. स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही. पद्मसाठी उलट आहे, कोणीही कोणाचंही नाव देऊ शकतं आणि स्वतःचंही चालतं, फक्त मिळाल्यावर तो किताब नावाच्या पुढेमागे लावायचा नाही.

गोची अशी की नॉमिनेशन म्हणजे शेवटी लिहिता येणं, ओळखी असणं, फॉर्म कुठे मिळतो हे माहीत असणं. मदत ज्यांना मिळाली त्यांच्याकडे बहुतेक वेळा हे काहीच नसतं, म्हणून संस्थेचा अध्यक्ष स्टेजवर जातो आणि तीस वर्षं तिथे जखमा धुणारी बाई खाली खुर्च्या लावत असते. ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया १९७५ मध्ये सुरू झाला आणि त्यात बायकांचा वाटा बरीच वर्षं पुरुषांपेक्षा खूप कमी राहिला, याचं एक मोठं कारण म्हणजे बायकांची नावंच कमी पाठवली जात होती. घरातल्या आजारी माणसाची सेवा तर कुठल्याच यादीत फारशी येत नाही. हल्ली काही कमिट्या स्वतः फिरून माणसं शोधतात, लाभ घेतलेल्या लोकांशी बोलतात. याला वेळ लागतो, पैसा लागतो, पण माझ्या मते याशिवाय अशा पुरस्कारांना फार अर्थ नाही.

सन्मानाने माणूस आणखी काम करतो का, यावर संशोधनही झालंय आणि उत्तर सरळ नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलं तर बक्षिसाचं सर्टिफिकेट मिळेल असं आधी सांगितलेल्या मुलांचा चित्रातला रस नंतर कमी झाला, पण न सांगता अचानक दिलं त्यांचा नाही झाला. दुसरीकडे २०१२ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात इंग्रजी विकिपीडियावर सर्वात जास्त काम करणाऱ्या १ टक्का लोकांपैकी काहींना ध्यानीमनी नसताना एक ऑनलाइन बिल्ला दिला, तर त्यांचं काम बिल्ला न मिळालेल्यांपेक्षा चांगलंच वाढलं. म्हणजे आमिष म्हणून लटकवलेला मान आणि काम बघून आपणहून दिलेला मान यात फरक पडतो असं दिसतं. अर्थात मुलांची चित्रं आणि विकिपीडियावरून कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या माणसाबद्दल किती बोलायचं यालाही मर्यादा आहे.

मोठा आक्षेप वेगळाच आहे, की मान देऊन पगार आणि सोयींचा विषय गुंडाळला जातो. २०२० मध्ये करोनाच्या लाटेत ब्रिटनमध्ये दर गुरुवारी लोक दारात उभं राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते, तेव्हाच बरेच कर्मचारी म्हणत होते की टाळ्या ठीक आहेत पण आधी सुरक्षेचे किट आणि नीट पगार द्या. जुलै २०२१ मध्ये तिथल्या आरोग्य सेवेला जॉर्ज क्रॉस हा सर्वोच्च नागरी शौर्य सन्मान मिळाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नर्सेस पगारासाठी संपावर गेल्या, तोही त्यांच्या युनियनच्या इतिहासातला तोवरचा सर्वात मोठा संप.

दुसरं म्हणजे चुकीच्या माणसाला दिलेला मान ढालीसारखा वापरला जातो. ब्रिटिश टीव्हीवरचा जिमी सॅव्हिल धर्मादाय कामासाठी प्रसिद्ध होता, १९९० मध्ये त्याला सर हा किताब मिळाला, हॉस्पिटलांत त्याला मोकळं दार होतं. २०११ मध्ये तो मेला आणि पुढच्या वर्षी लैंगिक अत्याचाराच्या शेकडो तक्रारी बाहेर आल्या. किताब काढून घ्या म्हणून मागणी झाली तर कळलं की तो माणसाबरोबरच संपतो, काढायला काही शिल्लकच नाही.

किताब परत करणारेही आहेत. बाबा आमटे यांना १९८६ मध्ये पद्मविभूषण मिळालं होतं, नर्मदेच्या धरणामुळे विस्थापित होणाऱ्या आदिवासींच्या प्रश्नावर त्यांनी ते १९९१ मध्ये परत केलं. मदर तेरेसांनी १९७९ चं नोबेल घेतलं पण नंतरची मेजवानी रद्द करायला लावून ते पैसे गरिबांसाठी मागितले. आणखी एक वाद हल्ली वाढलाय तो कार्यक्रमाच्या स्टेजवर लाभार्थ्यांना आणून उभं करायचा. अनाथ मुलं, बरे झालेले पेशंट यांना फोटोसाठी रांगेत उभं करतात, त्यांना विचारलेलंही नसतं, म्हणून काही संस्थांनी आता असा नियम केलाय की लेखी परवानगीशिवाय कोणाचा चेहरा किंवा नाव वापरायचं नाही, आणि लहान मुलांचं तर अजिबातच नाही.