गरवायला येताय? होडीत चढण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. देवबागला आमच्या होडीतून गळ टाकायला येण्याचं ठरवलंत, याचा मनापासून आनंद आहे. होडी लहान आहे. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, एक खलाशी आणि चार पाहुणे, एवढीच माणसं मावतात. सकाळी तुम्ही ज्या फळीवर बसता, तिथेच आठवड्याचे इतर दिवस आमची जाळी असतात. म्हणून आमच्याकडच्या काही रीती आधीच सांगून ठेवतो.

चपला किनाऱ्यावर काढा. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाय देऊन चढू नका. नारळी पुनवेला आम्ही तिथेच हळदकुंकू वाहून हार घालतो. चढायचं ते मधून, खलाशाचा हात धरून, आणि चढलात की लगेच बसायचं. लाइफ जॅकेट परत किनाऱ्याला लागेपर्यंत अंगावर हवं. दारू घेऊन आलात किंवा पिऊन आलात, तर होडी सुटणार नाही.

डोक्यावरून गळ फेकू नका. तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्यांनी नवी कोरी रॉड आणली होती. त्यांनी जोरात मागे झोका घेतला आणि गरी थेट आमच्या पुतण्याच्या कानाच्या पाळीत घुसली. गरीला उलटा काटा असतो, ओढली की मांस फाटतं. त्याला तसंच मालवणला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगणं: तंगुसाची (नायलॉनची) दोरी हाताने बाजूने सोडा, शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्या आणि थांबा. शेजाऱ्याला मोठा मासा लागला, तर आधी आपली दोरी गुंडाळा. गुंता झाला तर ओढू नका, खलाशी सोडवून देईल. तुटलेली दोरी पाण्यात टाकू नका, तिच्यात कासवं अडकतात.

तुमच्या गळाला लागलेला मासा तुमचा. पण पिल्लं परत पाण्यात जातात. सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, आणि तो नियम नसतानाही आमच्या घरात पिल्लू आणलेलं चालत नसे. फोटो काढायचा तर हात ओले करून, चटकन. शिंगाळा लागला तर हात न लावता हाक मारा. त्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन करवतीसारखे काटे असतात. काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कळ कमी होते. त्यासाठी एक थर्मास कायम होडीत असतो, त्यातलं पाणी चहाला घेऊ नका.

आता जागेबद्दल. खाडीच्या मुखाबाहेर आम्ही नांगर टाकतो तिथला खडक वरून दिसत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका ओळीत आल्या आणि दुसऱ्या बाजूच्या दोन जुळल्या, की होडी बरोबर त्याच्यावर असते. या खुणा आजोबांनी वडिलांना दाखवल्या, वडिलांनी आम्हाला. गेल्या मोसमात एका पाहुण्यांनी मोबाईलवर ती जागा नोंदवून मित्रांना पाठवली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पंधरा दिवसांत त्या एवढ्याशा खडकावर चार होड्या उभ्या राहू लागल्या आणि तांबोशी मिळेनाशी झाली. खडकातला मासा बांगड्यासारखा थव्याने फिरत नाही. एकदा उपसला की जागा भरायला वर्षं लागतात. म्हणून कळकळीची विनंती: मासळीचे फोटो हवे तेवढे काढा, जागा मात्र कुणाला पाठवू नका.

मासे लागायला लागले आणि नेमकं तेव्हाच तांडेल ‘चला’ म्हणाला, तर ‘अजून दहा मिनिटं’ म्हणून हट्ट धरू नका. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी कर्लीच्या खाडीतून बाहेर पडत असतं आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून समोर येतो, तेव्हा मुखावर लाटा फुटतात. त्याआधी आत यावंच लागतं. तुम्हाला हसत घरी पोचवणं हे आमचं पहिलं काम आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायला सांगू नका.

पोटात ढवळायला लागलं तर लाजू नका, लगेच सांगा. नजर किनाऱ्यावर ठेवा. उलटी झालीच तर वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला जा.

१ जून ते ३१ जुलै बंदीचे दिवस, तेव्हा आम्ही गरवायला जात नाही. नारळी पुनव झाली की पुन्हा सुरू. हवा बिघडून फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, किंवा तुम्ही म्हणाल तो दुसरा दिवस.

निघायची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून कळवतो. सोबत टोपी, पाणी आणि मासळीसाठी एक डबा आणा. परतल्यावर होडी धुवायला दोन बादल्या पाणी ओतू लागलात तर खलाशाला बरं वाटेल. मासळी साफ करून हवी असेल तर घरी वहिनींना सांगा, विळी तयार असते.