वतन म्हणजे नेमकं काय होतं, आणि साताऱ्याकडं ते इतकं का टिकलं

आमच्या कोरेगाव भागात बेंदूर जवळ आला की पारावर एक विषय हमखास निघतो, वेशीतनं पहिली बैलजोडी कुणाची जाणार. ट्रॅक्टर आल्यापासून बैलं मोजकीच राहिलीत पण मान तसाच आहे. जुने पाटीलकीचे कागद वाचले तर त्यातही हेच सापडतं, होळीची पोळी कुणाची पहिली, पानाचा विडा आधी कुणाला, सणाला बैल कुणाचा पुढं. दुष्काळात अर्धी पाटीलकी विकायची वेळ आली तरी विकणारा वडीलपणाचा मान स्वतःकडं ठेवायचा आणि बाकीचा एकेक मान वाटून लिहून द्यायचा. आज वाचताना हे हट्टाचं भांडण वाटतं, पण तसं नव्हतं. कागदावर पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढायचे, आणि पहिला नांगर कुणाचा यावर गावाच्या वसुलीत आणि निवाड्यात शब्द कुणाचा हे ठरायचं.

आता वतन, इनाम, सरंजाम, जहागीर हे चार शब्द आपण सरसकट एकाच अर्थानं वापरतो आणि तिथंच सगळा घोळ होतो. सरंजाम म्हणजे फौज ठेवायची त्याबदल्यात तोडून दिलेला मुलूख, नोकरी संपली की तो परत घ्यायचा अधिकार निदान कागदावर तरी राजाला होता. जहागीर हा साधारण त्याच जातीचा शब्द, मुघलांकडचा. इनाम म्हणजे सारा माफ असलेली किंवा नावापुरता सारा असलेली जमीन. वतन मात्र वेगळंच. त्यात गावाचं किंवा परगण्याचं एक काम असतं, त्या कामाचा मान असतो, त्या कामाचा हक्क म्हणजे धान्य, पैसा, जमीन असते, आणि हे सगळं मिळून वारसाहक्कानं चालतं, भावाभावांत वाटलं जातं, गहाण पडतं, विकलंही जातं. शब्द मूळचा अरबी, तिकडं अर्थ जन्मभूमी, आणि आपल्याकडं त्याचा असा अर्थ झाला हे मला फार बोलकं वाटतं कारण वतन गेलं की माणूस गावातच परका व्हायचा. शेतकऱ्यांतसुद्धा मिरासदार आणि उपरी हा फरक याच विचारातनं आला, दोघं एकाच शिवारात राबणार पण एक गावचा आणि दुसरा आलेला.

बहमनी आणि आदिलशाही काळाबद्दल इतकंच सांगतो की विजापूर लांब होतं आणि वाईला सुभेदार बसत असला तरी गावोगावची वसुली देशमुख-देशपांडे आणि पाटील-कुलकर्णी यांच्याच हातानं व्हायची. फलटण, म्हसवड, जत, जावळी इथली घराणी म्हणजे त्या त्या खोऱ्यात जवळजवळ राजेच. वरचा सुलतान बदलला तरी त्यांचं काही बदलत नव्हतं.

शिवाजी महाराजांनी वतनं बंद केली असं भाषणात नेहमी ऐकू येतं आणि मला हे वाक्य खटकतं, कारण असं झालेलं नाही. 1656 ला जावळी घेतली, देशमुखांचे कोट आणि हुडे पाडले, त्यांनी रयतेकडनं परस्पर उकळायचं बंद केलं, हक्क अमानत, म्हणजे सरकारच्या ताब्यात, ठेवून त्याची ठरीव रक्कम सरकारातनं द्यायला सुरुवात केली, आणि फौजेला मुलूख तोडून न देता रोख पगार दिला. पण पाटील पाटीलच राहिला, कुलकर्णी कुलकर्णीच राहिला, आणि बलुत्याची उतरंडसुद्धा हलली नाही. म्हणजे वतनाची नखं काढली, वतन काढलं नाही. माझ्या मते महाराजांचं मोठेपण यातच आहे, की हे लोक राज्याचे नोकर नसून वाटेकरी आहेत हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पुढं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथातही हेच आलंय, की यांना नुसतं वतनदार म्हणणं ही बोलायची पद्धत झाली, खरं तर हे छोटे पण स्वतंत्र देशनायक आहेत.

यानंतरचा जो निर्णय आहे त्यावर अजून वाद होतो. 1689 ला संभाजी महाराज मारले गेले, त्याच वर्षी रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, खजिना नाही, पगार द्यायला पैसा नाही आणि औरंगजेब समोरून मनसब आणि वतनाची फर्मानं वाटतोय. अशा वेळी जिंजीहून वतनाची आणि सरंजामाची आश्वासनं द्यायला सुरुवात झाली, मुघलांचा मुलूख मारा आणि तोच तुम्हाला. बरेच जण म्हणतात की इथंच महाराजांची घडी मोडली. मला हे अर्धंच खरं वाटतं. दुसरा रस्ता काय होता? म्हसवडच्या माने देशमुखांसारखं घराणं त्या काळात कधी मुघलांकडं तर कधी छत्रपतींकडं दिसतं, त्याला नुसती फितुरी म्हणून भागत नाही, कारण वतन सांभाळायचं तर जो जिंकेल त्याचा शिक्का कागदावर हवा. पण त्याची किंमत पुढं भरावी लागली हे खरं. एकाच देशमुखीचा कागद एका भावाकडं मुघलांचा आणि दुसऱ्याकडं छत्रपतींचा, दोन्ही कागद खरे.

हे सगळं येऊन पडलं साताऱ्यात. 1700 ला अजिंक्यतारा औरंगजेबानं घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं, 1707 ला औरंगजेब वारला, 1708 च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि वतनाचे दावे घेऊन लोकांची रीघ लागली. गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांच्या आणि वतनदारांच्या बैठका, बसवायच्या, साक्षी काढायच्या, महजर म्हणजे निवाड्याचे कागद करायचे, साक्षीनं नाही मिटलं तर दिव्य, म्हणजे तापल्या तेला-तुपातनं धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला का बघायचा. राजा एकट्यानं निवाडा देत नव्हता, गोत बसलं पाहिजे, आणि गोतात बलुतेदारसुद्धा आपापल्या हत्याराची निशाणी करायचे.

आणि गंमत नव्हे तर फार महत्त्वाची गोष्ट अशी की खुद्द छत्रपतीसुद्धा याच शब्दात बसतात. 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सहा मुघल सुभ्यांची चौथाई, म्हणजे साऱ्याचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी मिळाली. सरदेशमुखीचे दहा टक्के म्हणजे वतन, राजा हा सगळ्या देशमुखांचा देशमुख या नात्यानं. शिवाजी महाराजांनीही हा हक्क मुघलांकडं मागितला होता. चौथाईचे पंचवीस मात्र पुढं फुटायचे, त्यातला चौथा हिस्सा बाबती म्हणून राजाकडं, चौथाईवर सहा टक्के साहोत्रा, तीन टक्के नाडगौंडा, आणि उरलेला मोठा भाग मोकासा म्हणून सरदारांकडं. शंभर रुपयाच्या गावात बाबतीचे सव्वासहा, साहोत्र्याचा दीड, नाडगौंड्याचा पाऊण आणि मोकाशाचे साडेसोळा. एका गावात इतके वाटेकरी आणि शिवाय गावचे पाटील-कुलकर्णी वेगळे, मग राजाची सत्ता म्हणजे नेमकी किती हे तुम्हीच बघा.

1848 ला साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा करायचं ठरवलं. फलटण, औंध, भोर, जत ही घराणी संस्थानिक म्हणून राहिली, सांगली-मिरजेचे पटवर्धन तर मूळचे पेशव्यांचे सरंजामदार, तेही राहिले. 1852 नंतर इनाम कमिशननं कागद तपासले आणि 1874 च्या कायद्यानं वतन सरकारी चौकटीत बांधलं. गोत गेलं, कलेक्टर आला, पण वारसा तसाच.

यात सगळ्यात खालच्या वतनदाराबद्दल कुणी फार लिहीत नाही. महार वतनसुद्धा वतनच होतं. वेस राखायची, सारा पोचवायचा, शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची, आल्यागेल्याचं ओझं वाहायचं, रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं, आणि बदल्यात हाडकी-हाडोळ्याची थोडी जमीन आणि बलुतं. पाटलाच्या वतनानं पाटील मोठा झाला, या वतनानं माणूस गावाला बांधला गेला. दोन्हीला एकच शब्द, यासारखा अन्याय दुसरा नाही असं मला वाटतं. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबईच्या कौन्सिलात 1874 च्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, महारांना या कामातनं सुटता यावं आणि जमीन राहावी म्हणून. ते मंजूर झालं नाही. ते स्वतः 1900 साली साताऱ्यातच शाळेत दाखल झाले होते.

कायद्यानं वतनं गेली ती टप्प्याटप्प्यानं. परगणा आणि कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्यानं, कनिष्ठ गावकामगारांची 1958 च्या, पाटीलकी 1962 च्या. कुलकर्ण्याच्या जागी तलाठी, पाटलाच्या जागी पोलीस पाटील. महार वतनाची जमीन कब्जाहक्काची रक्कम सरकारात भरली तर त्याच घराला परत द्यायची होती, ज्यांना तेवढे पैसे भरता आले नाहीत त्यांची राहून गेली. परत मिळाली तीसुद्धा नवीन शर्तीवर, म्हणून अजून अशा सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असा शेरा असतो आणि विकायची तर आधी कलेक्टरची परवानगी लागते.