वाऱ्यातील हलके ग्लायडर (बेळगाव सीमाभाग)

पाव ते अर्धा किलो वजनाचे, मोटर नसलेले, रेडिओ-नियंत्रित ग्लायडर भर वाऱ्यात उडवण्याचा छंद आणि त्याचे तंत्र. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले उघडे माळ, एकट्या उभ्या टेकड्या आणि सह्याद्रीकडून येणारा पश्चिमेचा वारा यांमुळे अशा उड्डाणाला हा भाग सोयीचा आहे. अडचण एकच. हलके ग्लायडर घडवलेले असते मंद हवेत रेंगाळण्यासाठी, आणि इथला वारा दुपारनंतर मंद राहत नाही.

वाऱ्यात हलके विमान मोडते अशी नवख्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ते मोडण्याआधी मागे राहते. विमानाचे वजन भागिले पंखांचे क्षेत्रफळ म्हणजे पंखभार, आणि उडण्याचा वेग या पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 300 ग्रॅम वजनाचे आणि 20 चौरस डेसिमीटर पंखांचे ग्लायडर घेतले तर पंखभार दर चौरस डेसिमीटरला 15 ग्रॅम येतो. असे विमान ताशी 18-19 किलोमीटरच्या खाली स्टॉल होते, म्हणजे पंखाची उचल सुटून ते पडू लागते, आणि ताशी 24 किलोमीटरच्या आसपास सगळ्यात लांब तरंगते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 760 मीटर उंचीवर असल्याने इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे 7 टक्के विरळ असते. तेच विमान गोव्याच्या किनाऱ्यावर जितक्या वेगाने उडेल त्याहून इथे जवळपास 4 टक्के जास्त वेगाने उडवावे लागते.

आता वारा ताशी 20 किलोमीटरचा आहे असे धरू. हे ग्लायडर सपाट माळावर वाऱ्याबरोबर 200 मीटर मागे गेले, तर त्याला जेमतेम 16-17 सेकंद लागतात, कारण जमिनीच्या हिशेबाने ते ताशी 44 किलोमीटरने पळत असते. परतताना मात्र ताशी 4 किलोमीटर उरतात. तेच 200 मीटर यायला तीन मिनिटे लागतात. सेकंदाला अर्धा मीटर खाली येणारे विमान तेवढ्या वेळात 90 मीटर उंची गमावते, आणि एवढी उंची बहुतेक वेळा त्याच्याकडे नसतेच. म्हणून ते पायाशी न उतरता पलीकडच्या शेतात उतरते. त्याच विमानात 300 ग्रॅम वजन वाढवून ते 600 ग्रॅमचे केले तर त्याचा वेग ताशी 34 किलोमीटरच्या घरात जातो, खाली येण्याचा वेग सेकंदाला 0.7 मीटर होतो आणि परतीचा तोच प्रवास 51-52 सेकंदांत, सुमारे 36 मीटर उंची खर्चून पुरा होतो. वाऱ्यात वजन घालायचे, काढायचे नाही, ही गोष्ट सुरुवातीला कुणालाच पटत नाही. तरीही एका मर्यादेच्या पुढे हा उपाय महाग पडतो. वजन दुप्पट, वेगाचा वर्ग दुप्पट, म्हणजे जमिनीवर आदळतानाची ऊर्जा चौपट. जांभ्याच्या कातळावर हा फरक लगेच कळतो.

हे वाढीव वजन म्हणजे बॅलास्ट. ते पितळेच्या, शिशाच्या किंवा लोखंडी सळीच्या तुकड्यांचे असते आणि विमानाच्या गुरुत्वमध्यावरच बसवावे लागते. उद्यमबागेतल्या कारखान्यांमुळे बेळगावात हव्या त्या मापाचा तुकडा लेथवर करून मिळणे अवघड नाही. तुकडा नळीत घट्ट बसला पाहिजे. गोता घेताना तो पुढे सरकला तर नाक जड होते आणि विमान वर काढता येत नाही. स्पर्धेच्या जगातही हाच हिशेब चालतो. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या हातफेकीच्या वर्गात, म्हणजे एफ-थ्री-केमध्ये, पंखांचा विस्तार 1.5 मीटरपर्यंत आणि वजन 600 ग्रॅमपर्यंत चालते. पण शांत हवेसाठी केलेली कार्बनची विमाने त्याच्या निम्म्याहून कमी वजनाची असतात आणि वारा उठला की त्यांत बॅलास्ट भरतात. उतारावरच्या शर्यतीचा वर्ग, एफ-थ्री-एफ, वेगळा आहे. त्यात 100 मीटरच्या दहा फेऱ्या घ्यायच्या असतात आणि सेकंदाला 3 ते 25 मीटर वाऱ्यात शर्यत चालते. त्या जड, गुळगुळीत विमानांशी या नोंदीतल्या फोमच्या विमानांची तुलना करण्यात अर्थ नाही.

वाऱ्याचे वर्ष. सीमाभागात वाऱ्याचे वर्ष सरळ नाही. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी पूर्वेचा कोरडा, थंड वारा असतो. तो फार जोरकस नसतो आणि हलक्या विमानांना मानवतो. संक्रांतीच्या सुमारास बेळगावात पतंग महोत्सव भरतो तो याच दिवसांत. फेब्रुवारीपासून चित्र बदलते. सकाळ शांत, अकरानंतर जमीन तापून थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे स्तंभ, उठू लागतात, आणि दुपारी घाटमाथ्यावरून पश्चिमेचा गार वारा आत येतो. गरिबांचे महाबळेश्वर म्हणून शहराची जी ख्याती आहे तिच्यात या संध्याकाळच्या वाऱ्याचा वाटा मोठा. ग्लायडरसाठी फेब्रुवारी ते मे हाच खरा हंगाम. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा सर्वांत जोरात आणि सर्वांत एकसारखा असतो, म्हणजे कागदावर उत्तम. पण ढग टेकडीच्या माथ्याला टेकलेले असतात, पावसाचे थेंब पंखावर बसले की पंखाचा आकारच बिघडतो आणि सर्व्होत, म्हणजे पंखाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरयंत्रात, पाणी शिरते. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, तर या महिन्यांत समोरचे झाड दिसत नाही. पावसाच्या उघडिपीत उडवणारे उडवतात. त्यांची विमाने साधी आणि स्वस्त असतात, हे शहाणपणच.

एप्रिल-मेचा वळीव वेगळा सांगावा लागतो. दिवसभर पश्चिमेचा वारा टेकडीवर नीट लागलेला असतो, विमान माथ्यासमोर स्थिर असते, आणि तिसऱ्या प्रहरी पूर्वेला ढग काळे होतात. मग वारा अचानक पडतो. ही शांतता पाच-दहा मिनिटांची असते. तिच्यात विमान खाली घ्यायचे. त्यानंतर ढगाखालून येणारा झोत उलट दिशेने, धुळीचा लोट घेऊन येतो, आणि इतका वेळ उचलणारी बाजू आता आडोशाची, भोवऱ्यांची बाजू होते. पश्चिमेला तोंड करून उभा असलेला माणूस हे पाठीमागून येणारे ढग पाहत नाही, म्हणून सोबत्याने मागे नजर ठेवायची पद्धत आहे.

टेकडीवरची लिफ्ट. वारा उतारावर आदळला की त्याला वर वळावे लागते; विमानाला उचलणारा हा चढता वारा म्हणजे लिफ्ट. सेकंदाला 4 मीटरचा वारा 20 अंशांच्या उतारावर सेकंदाला साधारण 1.3 मीटर वर चढतो. हलक्या ग्लायडरला सेकंदाला अर्धा मीटर पुरतो, म्हणून ताशी 14-15 किलोमीटरच्या वाऱ्यातही ते टेकडीसमोर रेडिओची बॅटरी संपेपर्यंत राहू शकते. हलकेपणाचा फायदा इथे आहे: जड विमानवाले वारा वाढायची वाट पाहत बसलेले असतात तेव्हा फोमचे विमान वर असते. ताशी 25 किलोमीटरच्या वर वारा गेला की पाळी उलटते.

लिफ्टचा पट्टा कड्याच्या पुढे आणि थोडा वर असतो. माथ्याच्या मागे तो संपतो. मागे असतो तो रोटर, म्हणजे माथ्यावरून सुटलेल्या वाऱ्याचा खाली कोसळणारा भोवरा. टेकडी जितकी टोकदार तितका तो वाईट. माझ्या मते सीमाभागात फुटलेल्या हलक्या विमानांपैकी बहुतेक वाऱ्याच्या जोराने नव्हे, तर उडवणारा कड्यापासून फार मागे उभा राहिल्याने फुटतात. माणूस मागे उभा राहिला की विमानही नकळत आपल्या डोक्यावर आणतो, आणि डोक्यावरच रोटर असतो. कड्याजवळ, पण पाय घट्ट टेकतील अशा जागी उभे राहून विमान नेहमी आपल्या पुढे ठेवणे, आणि प्रत्येक वळण वाऱ्याकडे तोंड करूनच घेणे, एवढ्या दोन गोष्टींनी नुकसान पुष्कळ टळते. माथ्याच्या पुढचा वेगवान वारा आणि मागची स्तब्ध हवा यांच्यातल्या फरकावर फेऱ्या मारून वेग मिळवण्याचे एक तंत्र आहे, त्याला डायनॅमिक सोअरिंग म्हणतात. लॉर्ड रॅले यांनी 1883मध्ये पक्ष्यांच्या संदर्भात त्याचे तत्त्व मांडले होते आणि आज या तंत्राने मॉडेल ग्लायडर ताशी 800 किलोमीटरच्या पुढे गेले आहेत. ती विमाने मजबूत कार्बनची असतात. फोमच्या विमानाने तो नाद करू नये.

जागा. शहराच्या दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड भोवतालच्या भातशेतीतून एकटा वर आलेला आहे, म्हणून कोणत्याही दिशेच्या वाऱ्याला त्याची एखादी बाजू सामोरी येते. मात्र गडावर देऊळ आहे, 2023मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा आहे आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. उड्डाण करायचेच तर खालच्या सोंडांवरून आणि पहाटे. हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपालगड ही टेकड्यांची रांग बेळगावकरांना घरची वाटते. राज्य बदलले तरी वारा तोच. निपाणीजवळ तवंदी घाटाच्या माथ्यावरचे माळही उघडे आहेत. तिथे महामार्गापासून भरपूर अंतर राखणे आवश्यक. चोर्ला आणि भीमगडकडचे कडे उंच असले तरी तिथे घनदाट जंगल व अभयारण्य आहे. विमान झाडीत गेले तर परत मिळत नाही आणि तिथे उडवणे योग्यही नाही.

सपाट भागात, म्हणजे चिकोडीकडे, उतार नसल्याने थर्मलवर अवलंबून राहावे लागते. घारी गिरक्या घेताना दिसल्या की तिथे हवा वर चढते आहे हे नक्की. पण वाऱ्यात थर्मल उभा राहत नाही, वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्याच्यात गिरक्या घेणारे हलके विमान उंची कमावता कमावता मागे सरकत असते, आणि वर दिलेला तीन मिनिटांचा हिशेब तेव्हा आठवावा. जितके मागे गेलो त्याच्या निम्मी तरी उंची हाताशी हवी. ती नसेल तर थर्मल कितीही चांगला असला तरी सोडून द्यायचा.

बांधणी आणि हाताळणी. इथे सर्रास दिसते ते ईपीपी नावाच्या लवचिक फोमचे शेपूट नसलेले विमान: दोन सर्व्हो, दोन एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग), पंखात कार्बनची नळी, पुढच्या कडेवर रुंद चिकटपट्टी. आदळले तरी दबते आणि परत फुलते. थर्माकोलचे विमान स्वस्त पडते, पण एका आपटीत चुरा होतो. लाल मातीची बारीक धूळ सर्व्होच्या दातांत जाऊन बसते, मग सर्व्हो थरथरतो. उतरल्यावर ब्रशने झाडणे आणि पोटाला पारदर्शक पट्टी लावणे एवढ्याने तो बराच काळ टिकतो.

शेपूट असलेल्या विमानात वाऱ्यात जाताना पंखाच्या मागच्या कडा मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर घेतल्या तर पंखाचा बाक कमी होतो आणि विमान अधिक वेगाने, कमी फुगून पुढे जाते. झुळूक लागताच नाक वर उचलले जाते. तेव्हा लगेच रिमोटची दांडी पुढे ढकलण्याची सवय हाताला लागावी लागते. विमान वाऱ्याबरोबर जाताना फार वेगात दिसते म्हणून नवखा दांडी मागे ओढून ते हळू करायला जातो आणि हवेच्या हिशेबाने आधीच हळू असलेले विमान स्टॉल होते. डोळ्याला दिसतो तो जमिनीवरचा वेग. पंखाला लागतो तो हवेतला.

फेकणे वाऱ्याच्या तोंडावरच. हातफेकीच्या विमानाच्या पंखाच्या टोकाशी खुंटी असते, ती दोन बोटांत धरून स्वतःभोवती एक गिरकी घेऊन सोडतात. जोराच्या वाऱ्यात ही गिरकी अर्ध्यावर असताना वारा पंखाखाली शिरतो, म्हणून तेव्हा विमान नाक किंचित खाली ठेवून सरळ भाल्यासारखे ढकललेले बरे.

उतरणे अवघड. जमिनीलगत वारा मंदावतो. वाऱ्याकडे तोंड करून उतरणारे विमान शेवटच्या दोन मीटरांत अचानक त्या मंद थरात येते, त्याचा हवेतला वेग तेवढा कमी होतो आणि ते खाली बसते. म्हणून शेवटपर्यंत वेग राखून, नाक खाली ठेवून यावे लागते. टेकडीवर माथ्याच्या मागे न जाता कड्याच्या बाजूने, उतारावरच चढत्या दिशेने विमान टेकवणे सुरक्षित. जागा पिकावरही ठरते. भात निघाल्यावर येळ्ळूरकडची शेते मोकळी होतात, पण त्यात मसूर-हरभरा पेरला की ती पुन्हा बंद. बांधावरून जायचे तर मालकाला विचारूनच. उसाच्या पट्ट्यात विमान शिरले तर माणसाच्या डोक्यावरून गेलेल्या पात्यांत पांढरा पंख चार हातांवरून दिसत नाही. त्यासाठी विमानातल्या रेडिओ-रिसीव्हरला लहान बझर जोडतात आणि विमान जिथे बुडाले त्या रेषेत दूरचे एखादे झाड किंवा खांब लगेच हेरून ठेवतात. ऊसतोड सुरू होईपर्यंत सापडले नाही तर ते टोळीतल्या पोरांना मिळते.

नियम. ड्रोन नियम 2021 मॉडेल विमानांनाही लागू आहेत. हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलना काही सवलती असल्या तरी हवाई क्षेत्राच्या मर्यादा पाळाव्याच लागतात. बेळगावात याला विशेष महत्त्व आहे, कारण शहराच्या पूर्वेला सांबरा विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शहरातच मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत, आणि त्याबाहेरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवता येते. लष्करी जागांचे लाल क्षेत्र वेगळे. नेमकी जागा कोणत्या रंगात येते ते ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर निघण्यापूर्वी पाहावे, कारण टेकडीवर नेटवर्क असेलच असे नाही. चांगली लिफ्ट लागली तर हलके ग्लायडर 400 फूट पाहता पाहता ओलांडते. अशा वेळी गोता घेऊन ते खाली आणतात, आणि सांबऱ्याकडे उतरणाऱ्या विमानाचा आवाज आला तर उंची कितीही असो, आपले विमान आधी खाली घेतात.