पिकेलहाउब हेल्मेटवरच्या युनिटच्या खुणा

पिकेलहाउब म्हणजे जर्मन सैन्याचं ते डोक्यावर अणकुचीदार टोक असलेलं चामड्याचं हेल्मेट. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८४२ मध्ये ते सुरू केलं, मग बाकीच्या जर्मन राज्यांनीही घेतलं, बव्हेरियाने तर पार १८८६ मध्ये, आणि १९१६ पासून स्टील हेल्मेट आलं तसं ते आघाडीवरून हळूहळू गेलं. असं जुनं हेल्मेट हातात आलं की पहिला प्रश्न हाच, हे कुठल्या रेजिमेंटचं? उत्तर बहुतेकदा हेल्मेटवरच असतं पण एका जागी नसतं, आतला शिक्का, समोरची धातूची प्लेट, बाजूची कॉकेड म्हणजे राज्याच्या रंगांची गोल चकती, असं विखुरलेलं असतं, आणि ते सगळं एकमेकांशी ताडून बघितल्याशिवाय एकट्या खुणेवर भरवसा ठेवूच नये.

सगळ्यात बोलका असतो शिक्का. तो आतल्या बाजूला, बहुतेकदा मागे मान झाकणाऱ्या व्हायझरच्या खाली, शाईने मारलेला असतो. त्यात रेजिमेंट, बटालियन, कंपनी, साल असं काही ना काही असतं, उदाहरणार्थ आय.आर. ७६ म्हणजे ७६वी इन्फंट्री रेजिमेंट. बरेचदा आयच्या जागी जे दिसतो, तेव्हा घाबरू नये, त्या काळच्या जर्मन लिखाणात ही दोन कॅपिटल अक्षरं एकसारखीच काढायचे. आता इथे एक साधा हिशोब फार उपयोगी पडतो. इन्फंट्री रेजिमेंटमध्ये तीन बटालियन आणि बारा कंपन्या, १ ते ४ पहिल्या बटालियनच्या, ५ ते ८ दुसऱ्या, ९ ते १२ तिसऱ्या. म्हणजे शिक्क्यात रोमन तीन आणि सोबत कंपनी ५ असेल तर काहीतरी गडबड आहे, एकतर दोन वेगवेगळ्या काळातले शिक्के एकावर एक बसलेत किंवा कोणीतरी हल्ली मारलेला आहे.

नंबरचंही असंच. प्रशियाच्या क्रमांकात बाडेन, हेसेन, सॅक्सनी, व्युर्टेमबर्ग या सगळ्यांच्या रेजिमेंट एका ओळीत बसवल्या होत्या, म्हणजे १०९ ते ११४ बाडेनच्या, ११५ ते ११८ हेसेनच्या. बव्हेरियाने मात्र स्वतःचे नंबर १ पासून वेगळे ठेवले. त्यामुळे नुसता ७ दिसला तर घोळ होतो, पण प्रशियाच्या १ ते १२ ग्रेनेडियर रेजिमेंट होत्या, तिथे जी.आर. यायला हवं, म्हणून आय.आर. ७ दिसलं की आधी बव्हेरियाकडे बघावं.

मग प्लेट. प्रशियाचा गरुड, त्यावर देव, राजा आणि पितृभूमीचं ब्रीद, बव्हेरियाचे सिंह, बाडेनचा ग्रिफिन म्हणजे गरुडाच्या डोक्याचा काल्पनिक सिंह. लँडवेअर म्हणजे जास्त वयाच्या राखीव सैनिकांचं दल, ते आणि रिझर्व्ह यांच्या गरुडावर क्रॉस असतो. काही रेजिमेंटना जुन्या लढायांच्या पट्ट्या मिळाल्या होत्या, नवव्या ग्रेनेडियरला कोलबर्ग १८०७, हानोफरच्या परंपरेतल्या रेजिमेंटना वॉटर्लू, अशी पट्टी असली की शोध एकदम आटोपशीर होतो. पण प्लेट फसवतेसुद्धा. वर सांगितलेली ७६वी रेजिमेंट हॅम्बुर्गची, तिची प्लेट प्रशियाच्या गरुडाचीच, हान्झा म्हणजे हॅम्बुर्गसारख्या जुन्या व्यापारी शहरांची ओळख फक्त कॉकेडवर, पांढऱ्यावर लाल क्रॉस. कॉकेडवरून काळही कळतो कारण १८९७ मध्ये उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-लाल कॉकेड आली आणि राज्याची डावीकडे गेली, त्याआधी राज्याची एकच असायची, उजवीकडे.

प्लेट बदललेली आहे का हे आतून बघायचं. चामड्यात जादा भोकं असली तर प्लेट नंतर बसवलेली, पण म्हणून हेल्मेट लगेच बनावट ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण सैन्य स्वतःच हेल्मेट परत घेऊन, दुरुस्त करून, दुसऱ्या युनिटला द्यायचं आणि जुना शिक्का खोडून नवा मारायचं. असे खोडलेले शिक्के असलेले नग मला सगळ्यात मोलाचे वाटतात, एकाच हेल्मेटवर दोन-तीन युनिटचा प्रवास वाचता येतो.

युद्धाच्या काळातल्या हेल्मेटवर मात्र बरेचदा रेजिमेंट सापडतच नाही, बी.ए. ही अक्षरं, रोमन आकडा आणि १९१५ सारखं साल एवढंच असतं. बी.ए. म्हणजे कोअरचा, म्हणजे अनेक रेजिमेंटच्या मोठ्या सैन्यगटाचा, कपड्यांचा डेपो, आकडा त्या कोअरचा, म्हणजे शोध तिथपर्यंतच जातो. चामडं कमी पडलं तसं फेल्ट म्हणजे दाबलेल्या लोकरीची आणि पत्र्याचीही हेल्मेट निघाली, त्यांच्याबाबतीत खूप अपेक्षा ठेवू नये.

कापडी कव्हर असेल तर नशीबच, कारण इन्फंट्रीच्या कव्हरवर समोर रेजिमेंटचा नंबर असायचा, रिझर्व्हला वर आर, लँडवेअरला एल. आधी हे आकडे लाल होते, लांबून दिसतात म्हणून १९१४ मध्येच हिरवे करायला सांगितलं, १९१६ मध्ये काढूनच टाकले. पण कव्हर सुटं असतं, कुठल्याही हेल्मेटवर चढतं, म्हणून त्याचा नंबर आतल्या शिक्क्याशी जुळला तरच धरायचा.

ऑफिसर आणि एक वर्षाचे स्वयंसेवक स्वतःच्या पैशाने हेल्मेट घ्यायचे, त्यांच्यात सरकारी शिक्का नसणं हेच बरोबर. तिथे दुकानदाराचा छाप किंवा आत हाताने लिहिलेलं नाव मिळालं तर आणि माणूस ऑफिसर असला तर त्या नावावरून छापील रँक लिस्टमध्ये, म्हणजे ऑफिसरांच्या यादीत, रेजिमेंट शोधता येते.