थार: बेस की टॉप, या प्रश्नाची पार्श्वभूमी

"ऑफरोडिंग करायचं तर बेस घे, उरलेल्या पैशात टायर बदल." महिंद्राची जीपवजा गाडी थार घेणाऱ्याला हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो; बेस म्हणजे सर्वात स्वस्त प्रकार, टॉप म्हणजे सर्वात महागडा. 2020 साली तो बऱ्याच अंशी बरोबर होता. आज तोच ऐकून शोरूम गाठलं, तर बेसमध्ये फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना ताकद, मिळणार नाही. हे असं का झालं, ते जरा मागे जाऊन पाहावं लागतं.

महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला बेस आणि टॉप असं काही नव्हतंच. हूड ताडपत्रीचं, दारं असली तर असली. पुढे सीजे, एमएम 540, कमांडर, मेजर अशी मॉडेलं आली; ग्राहक निवडायचा ते इंजिन, बॉडीची लांबी आणि पुढच्या चाकांना ताकद हवी की नको, एवढंच. मागे समोरासमोरचे बाक टाकून याच गाड्या गावोगाव वडापला लागल्या.

ऑक्टोबर 2010 मध्ये थार आली तेव्हा खरी दोन टोकं तयार झाली. स्वस्तातली डीआय: 2523 सीसीचं जुनं इंजिन, 63 अश्वशक्ती, पुढेही पाट्यांच्या स्प्रिंगा. महागातली सीआरडीई: 2498 सीसी, 105 अश्वशक्ती, 247 न्यूटन-मीटर टॉर्क, पुढे टॉर्शन बारवर (पिळ घेणाऱ्या दांड्यांवर) स्वतंत्र सस्पेन्शन. म्हणजे फरक सजावटीचा नव्हता, गाडीच्या हाडामांसाचा होता. डीआय गावातल्या गॅरेजात उघडता यायची, पण घाटात धापा टाकायची. सीआरडीईची ताकद भरपूर, पण ती वाळूत-चिखलात पोहोचवायला मागचं डिफरेंशियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, साधंच. एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरायचं. जुलै 2015 च्या सुधारणेत मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकर आलं आणि ही उणीव भरून निघाली.

हे लॉकर कसं चालतं हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढची सगळी निवड त्याभोवती फिरते. दोन मागच्या चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, पंजा अडकतो आणि दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात. बटण नाही, वायर नाही. ताशी सुमारे 30 किमीच्या वर ते लागत नाही. तुटतं ते चालकाच्या घाईमुळे: चाक भन्नाट फिरत असताना पाय तसाच दाबून धरला, तर लॉकर धाडकन लागतं आणि सगळा झटका त्याच्या गिअरच्या दातांवर बसतो. पाय हलका ठेवून चाकाला सावकाश फिरू द्यावं; 'टक' असा आवाज येतो, मग गाडी उचलते.

2 ऑक्टोबर 2020 ला दुसरी पिढी बाजारात आली. सुरुवातीच्या किमती 9.80 ते 13.75 लाख. बेस एएक्समध्ये मागे वडापछाप समोरासमोरचे बाक होते. नोव्हेंबरात धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने गाडीला 4 तारे दिले, ते मागची सीट पुढे तोंड केलेल्या आवृत्तीला. त्याच सुमारास बाकवाली एएक्स यादीतून गेली. उरल्या एएक्स ऑप्शनल (आता तीच बेस) आणि एलएक्स (टॉप).

'बेस घे' हा सल्ला जन्मला तो इथे. इंजिन तेच, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी ट्रान्सफर केस तीच, लो रेंजसह (कमी वेग, जास्त जोर) फोर बाय फोर सगळ्यांना. एलएक्समध्ये जास्तीचं म्हणजे टचस्क्रीन, 18 इंची अलॉय आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. यातली स्क्रीन बाहेरून बसवता येते, ईएसपी येत नाही. सल्ला देणारे नेमकं हेच गाळायचे. उंच, पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली गाडी मुंबई-गोवा महामार्गावर ओल्या वळणात चुकली तर सावरायला ईएसपीच असतं, आणि थारचे बहुतेक किलोमीटर डांबरावरच होतात.

टायरच्या बाबतीत मात्र बेसची बाजू भक्कम होती. एएक्स ऑप्शनलला 245/75 आर 16, एलएक्सला 255/65 आर 18 (रुंदी मिमीत, भिंत रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात). आकडेमोड केली तर बेसच्या टायरची भिंत सुमारे 184 मिमी भरते, टॉपची 166. हवा 32 वरून 20 पीएसआयला उतरवून दगडांवर चढायचं असेल तर उंच भिंत जास्त दबते, पकड वाढते आणि रिमला दगड लागण्याची भीती कमी होते. आपटलं तरी लोखंडी रिम वाकते, ठोकून सरळ होते, अलॉय तडकते. टॉपचा फायदा इतकाच की पूर्ण चाक व्यासाला साधारण 15 मिमी मोठं, म्हणून पोटाखालची जागा 7 मिमीने जास्त. सह्याद्रीतल्या लाल चिकणमातीत त्या 7 मिमीपेक्षा टायरची नक्षी महत्त्वाची ठरते. खाचा भरल्या की मूळ टायर गुळगुळीत होतो. टायर बदलताना मूळ मापाच्या जवळ राहावं. फार मोठा बसवला तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर घासतो आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. गाडीच्या रचनेत परस्पर फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतात, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच शोधते.

मग जानेवारी 2023. मागच्या चाकांवर चालणारी थार 9.99 लाखांत आली, 1.5 लिटर डिझेल इंजिन घेऊन. हे इंजिन का, याचं उत्तर करात आहे: थारची लांबी 3985 मिमी, म्हणजे 4 मीटरच्या आत, डिझेल इंजिनही 1500 सीसीच्या आत आलं की गाडी 'छोटी' ठरते आणि कर उतरतो. सप्टेंबर 2025 पासून तर छोट्या गाड्यांना 18 टक्के आणि बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40 टक्के जीएसटी आहे. त्याच जानेवारीत फोर बाय फोरमध्येही खांदेपालट झाला. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत सगळीकडे आली आणि मेकॅनिकल लॉकर एलएक्स डिझेलपुरतं पर्याय म्हणून उरलं. म्हणजे जी वस्तू खरं तर ऑफरोडवाल्याची, ती टॉपच्या यादीत गेली.

ऑगस्ट 2024 मधल्या पाच दारी थार रॉक्सने हीच वाट धरली. तेव्हा बेस एमएक्स 1 ची सुरुवात 12.99 लाखांपासून होती, पण फोर बाय फोर फक्त डिझेलला आणि तेही वरच्या एमएक्स 5 पासून, 18.79 लाखांना. ऑक्टोबर 2025 ला तीनदारी थारमध्ये एएक्सटी आणि एलएक्सटी असे दोनच प्रकार उरले. फोर बाय फोर हवं तर एलएक्सटीच.

त्यामुळे 'बेस'वाल्यांची नजर आता 2020 ते 2022 च्या जुन्या एएक्स ऑप्शनलवर असते, आणि रास्त आहे. ती बघताना नुसती रंगरंगोटी पाहू नये. कच्च्या, भुसभुशीत जमिनीवर गाडी थांबवून क्लच दाबावा, गिअर न्यूट्रल ठेवावा आणि छोटा दांडा 4 एलला (फोर बाय फोर, लो रेंज) टाकावा. वर्षानुवर्षं 2 एचमध्येच (फक्त मागच्या चाकांवर) फिरलेल्या गाडीत तो जाम झालेला असतो. ही चाचणी कोरड्या डांबरावर करू नये. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरेंशियल नसल्याने वळताना यंत्रणा पिळली जाते आणि दांडा परत निघत नाही. मग 2 एचमध्ये एक मागचं चाक ओल्या चिखलात ठेवून पहिल्या गिअरात हलका पाय द्यावा. क्षणभर चाक फिरून 'टक' झालं आणि गाडी निघाली, तर लॉकर जागेवर आहे. त्याऐवजी एबीएसच्या पंपाची घरघर आली, तर काम ब्रेकवाली पद्धत करते आहे. आणि चाक नुसतंच फिरत राहिलं, तर भाव ठरवताना तसं स्पष्ट बोलावं.