आवाजासाठी कृती की कृतीपोटी आवाज?

मंचावर कुणीतरी पत्रा बडवतंय, कान किटलेत, पुढे काय होणार कुणालाच कळत नाही. हा नॉइजचा, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणारा कार्यक्रम, की ॲब्सर्ड परफॉर्मन्स, म्हणजे विसंगत वाटणारी कृतीच कला मानणारा प्रयोग? बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. डोळे मिटून पाहा. तरीही ऐकण्यासारखं भरपूर उरत असेल, तर ते नॉइज; नसेल, तर परफॉर्मन्स.

नॉइजमध्ये सगळी मेहनत सिग्नलवर असते. जपानी संगीतकार तोशिमारू नाकामुरा वाजवतात तो नो-इनपुट मिक्सर घ्या. बाहेरून काहीच जोडायचं नाही. ऑक्स सेंडमधून (सिग्नलची प्रत बाहेर देणाऱ्या वाटेतून) निघालेली केबल त्याच मिक्सरच्या चॅनल 1 च्या लाइन इनमध्ये घालायची, गेन शून्यावर ठेवून सेंड हळूहळू वाढवायचा. एका टप्प्यावर सर्किट स्वतःच गायला लागतं, हाच फीडबॅक; मग मिड ईक्यूचा (मधल्या सुरांचा) नॉब केसभर फिरवला तरी सूर बदलतो. ऑक्स पोस्ट-फेडर असेल, म्हणजे फेडरच्या (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) पुढून सिग्नल घेत असेल, तर फेडर खाली घेताच फीडबॅकच मरतो. प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच सिग्नल घेणारा असेल, तर फेडर बंद असूनही तो आत चालूच राहतो आणि फेडर वर नेताच अंगावर येतो. म्हणून मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारं यंत्र) हवाच, नाहीतर ट्वीटर (उंच सुरांचा स्पीकर) जळतो. हेडफोन लावून जोडणी करू नये.

पत्र्याला पिएझो डिस्क (कंपनं टिपणारी छोटी चकती) चिकटवली आणि आवाज पातळ, किरकिरा आला, की लोक डिस्कला दोष देतात. खरा दोष बहुधा इनपुटचा असतो. 20 नॅनोफॅरडची डिस्क 10 किलोओम रोधाच्या लाइन इनला जोडली, तर सुमारे 800 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. 1 मेगाओम रोधाचा डीआय बॉक्स (सिग्नल जुळवून देणारी पेटी) मध्ये घातला, की पत्र्याचा खर्ज परत येतो. आणि 100 डेसिबलला 15 मिनिटांत कानाची दिवसभराची मर्यादा संपते, तेव्हा प्रेक्षकांना इअरप्लग द्याच.

ॲब्सर्ड परफॉर्मन्सची तयारी सहसा एका वाक्याच्या सूचनेत मावते. कोरियन-अमेरिकन कलाकार नाम जून पाइकच्या 1962 च्या व्हायोलिनवाल्या कृतीत कलाकार व्हायोलिन अतिशय सावकाश वर उचलतो आणि एका फटक्यात टेबलावर आपटतो. आवाज क्षणभराचा, ताण कित्येक मिनिटांचा. इथे हमखास बिघडतं ते घाईमुळे: उचलणं पटकन उरकलं की उरते नुसती तोडफोड. व्हायोलिनला माइक लावणं ही दुसरी चूक, कारण मग लोक हाताकडे बघायचं सोडून स्पीकरकडे कान लावतात. गॉगल घालावा, पहिली रांग मागे सरकवावी. लाकडाच्या चिपा लांब उडतात.

सीमेवरची उदाहरणंही आहेत. हानाताराश या जपानी नॉइज गटाच्या 1985 च्या टोकियोतल्या कार्यक्रमात गटातला यामात्सुका आय खोदकामाचं यंत्रच सभागृहात घेऊन आला. गट नॉइजचा, पण त्या रात्रीबद्दल बोलताना लोक फोटो दाखवतात. माझ्या मते तो कार्यक्रम परफॉर्मन्सच्या बाजूला झुकतो.