गूळ नको, बांगडा द्या

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात कडू औषधावर एकच उतारा असायचा, गूळ. किराईताचा काढा असो की तापाची गोळी, पाठोपाठ गुळाचा खडा हातावर. गेल्या जुलैत आमच्या मनी मांजरीला सर्दी झाली, डोळे चिकटले, आणि डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "गूळ लावून दी गो, तेका काय कळाचा नाय." मनीनं गोळी जिभेनं बाहेर ढकलली आणि तोंडातून फेस गाळत कपाटाखाली जाऊन बसली. तो फेस पाहून मी घाबरले. पण कडू चव जिभेला लागली की मांजराला अशीच भसाभस लाळ सुटते. ती विषबाधा नव्हे.

गुळाचा काहीच उपयोग झाला नाही, कारण मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारा जिभेवरचा ग्राही दोन प्रथिनांच्या जोडीनं बनतो. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी दाखवलं की मांजरात यातल्या एका प्रथिनाचं जनुक मोडलेलं आहे. त्यातली डीएनएची २४७ अक्षरं गळून गेली आहेत. वाघ आणि चित्त्यातही तीच तूट सापडली. पिढ्यान् पिढ्या फक्त मांस खाणाऱ्या या कुळाला साखर ओळखायची गरज उरली नाही.

कडू मात्र छान कळतं. माणसाकडे कडू चवीच्या ग्राहींची २५ जनुकं आहेत, मांजरात डझनभर. पाला न खाणाऱ्या प्राण्याला कडू कशाला कळायला हवं? मासा साफ करताना पित्त फुटलं तर अख्खा तुकडा कसा वाया जातो, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. भक्ष्याच्या पोटात पित्त असतं, बेडकाच्या कातडीत विष असतं, आणि ते पोटात जाण्याआधी जिभेनं अडवणं हे जिवाच्या कामाचं आहे. म्हणून गोळी कुटून दुधात कालवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. गोळीवरचं आवरण फुटतं आणि आतला कडूपणा वाटीभर पसरतो. शिवाय टेट्रासायक्लिनच्या कुळातली औषधं दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी कमी लागतात. डॉक्सिसायक्लिन त्याच कुळातलं.

मग मांजराला आवडतं काय? २०२३ साली इंग्लंडमधल्या वॉल्थम पेटकेअर सायन्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी मांजराच्या जिभेवर उमामी, म्हणजे मांस-मासळीची रुचकर चव ओळखणारा ग्राही असल्याचं दाखवलं. माणसात ही चव मुख्यतः ग्लुटामेटनं जागी होते. मांजरात ती इनोसिनेटसारख्या द्रव्यांनी जागी होते आणि हिस्टिडीनसारखी अमिनो आम्लं तिला आणखी धार लावतात. ही जोडी ट्यूनात, म्हणजे आपल्या कुप्यात, भरपूर असते. बांगडा कुप्याच्याच कुळातला, त्यातही हिस्टिडीन मुबलक. शिळा बांगडा खाऊन अंगावर गांधी उठतात, त्यामागेही हेच हिस्टिडीन असतं. जिवाणू त्याचं हिस्टामिन करून टाकतात. म्हणून मांजरासाठीही मासा ताजाच हवा. नुसत्या पाण्यात उकडलेला, काटे काढलेला, कोमट, कारण कोमट मासळीला वास जास्त सुटतो. आमटीतला तुकडा नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात.

कधीकधी मासाही चालत नाही, नाक चोंदलेलं असतं, वासच येत नाही. तेव्हा गोळी हातानं द्यावी लागते. टॉवेलात चारही पाय गुंडाळा. एका हाताचा अंगठा आणि बोट गालाच्या हाडांवर ठेवून डोकं वरून धरा आणि नाक छताकडे करा. खालचा जबडा आपोआप सैल पडतो. दुसऱ्या हाताच्या बोटानं तो खाली दाबून गोळी जिभेच्या अगदी मागे टाका आणि तोंड मिटा. मांजरानं नाक चाटलं की गिळलं समजा.

बहुतेक जण इथेच सोडून देतात, आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती याचीच. गिळलेली गोळी पोटात पोचलेली नसते. २००१ साली ३० मांजरांवर केलेल्या एका अभ्यासात कोरड्या दिलेल्या गोळ्यांपैकी निम्म्याहून जास्त पाच मिनिटांनंतरही अन्ननलिकेतच होत्या. मागून थोडं पाणी दिल्यावर जवळपास सगळ्या अर्ध्या मिनिटात जठरात उतरल्या. आपण गोळी घेतो तेव्हा उभे असतो, वर ग्लासभर पाणी पितो. मांजराचा गळा आडवा आणि घोट कोरडा. डॉक्सिसायक्लिनची गोळी तिथे अडकून विरघळली तर ते आम्लधर्मी औषध अस्तर जाळतं. जखम भरताना व्रण आकसतो, अन्ननलिका अरुंद होते, आणि काही दिवसांनी मांजर खाल्लेलं जसंच्या तसं उलटून टाकू लागतं. हे टाळायला लागतं फक्त चमचाभर पाणी. सुई काढलेली सिरिंज घ्या, डोकं सरळ ठेवा, ओठाच्या कोपऱ्यातून गालात पाच मिली पाणी हळूहळू सोडा. थेट घशात जोरानं मारू नका, ते श्वासनलिकेत जाईल.

औषध संपूर्ण जेवणात कालवू नका. एकदा कडू लागलेल्या वाटीकडे मांजर पुन्हा फिरकत नाही, आणि मांजराचा उपास माणसासारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागतं. विशेषतः लठ्ठ मांजरात.

आणि घरातलं पॅरासिटामॉल कधीही नाही. ते निरुपद्रवी करणारं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) मांजरात काम करत नाही. रक्ताचा प्राणवायू वाहून नेण्याचा गुण जातो, हिरड्या तपकिरी पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मनीच्या औषधाचे दिवस नेमके मासेमारी बंदीत आले होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावर, ताजा बांगडा कुठला? आईनं माळ्यावरच्या डब्यातला सुका बांगडा काढला, तीन-चारदा पाणी बदलून त्याचं मीठ उतरवलं, मग उकडला. त्याचे बोराएवढे तीन गोळे केले. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा पुन्हा नुसता आणि तो नाकासमोरच धरलेला. तिसरा दिसत असल्यामुळे दुसरा चावत बसायला मनी थांबायची नाही. मग सिरिंजनं पाणी, आणि ती ओटीवर जाऊन तोंड पुसत बसायची.